दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी

‘सी प्लस प्लस’ भाषेत प्रोग्रॅम लिहिताना पुष्कळसे तयार साहित्य आपण तिच्या स्टँडर्ड लायब्ररीतून घेतो. या लायब्ररीच्या विभागांस हेडर म्हणतात. हवा तो हेडर फाईलच्या आरंभी ‘इन्क्लूड’ लिहून मागवावा लागतो.

२०२३ साली ‘जीसीसी’ या कंपायलरची १३ वी आवृत्ती निघाली आणि काल चालणारे कित्येक प्रोग्रॅम अडले. ‘यूइंट-३२-टी’, म्हणजे ३२ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक, हा प्रकार कंपायलरला ओळखता येईना. वस्तुतः तो ‘सी-एसटीडी-इंट’ या हेडरमधला. पूर्वी लायब्ररीतील दुसरे काही हेडर त्यास आपल्याबरोबर आणीत असत. नव्या आवृत्तीत ते बंद झाले.

अशा वेळी घाबरून जुन्या आवृत्तीकडे परतू नये. एका चुकीपाठोपाठ अनेक चुका दिसतात; म्हणून प्रथम पहिलीच नीट वाचावी. पुष्कळदा कंपायलर स्वतःच हवा तो हेडर सुचवितो. ती एक ओळ आरंभी लिहावी आणि प्रोग्रॅम पुन्हा तपासावा.

दोष नव्या आवृत्तीचा नव्हे. ते प्रोग्रॅम दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होते, एवढेच तिने उघड केले. जे वापरावयाचे ते आपण स्वतः मागवावे, असे आम्हांस वाटते.