चेंडूची शिवण आणि सम्यक् आजीव



सम्यक् आजीवाचा विषय निघाला की भगवंतांनी उपासकास वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार आपणांस आठवतात: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. यांपैकी एकही आपण करीत नाही, तेव्हा मार्गाचे हे अंग आपण पाळलेच, असे पुष्कळांना वाटते. परंतु १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी याहून व्यापक कसोटी दिली आहे. दुसऱ्याला इजा न करता व त्याच्यावर अन्याय न करता मिळविलेली उपजीविका सम्यक् होय, असा तिचा आशय आहे. अन्यायाचा प्रश्न आला की व्यापार कशाचा एवढे पाहून भागत नाही. माल कोणाच्या हातांनी आणि किती मजुरीवर तयार झाला, हेही विचारावे लागते.

या पाठासाठी आपण आनंदाची एक वस्तू घेऊ: फुटबॉल.

हाताने शिवलेल्या नेहमीच्या फुटबॉलला ३२ तुकडे असतात: १२ पंचकोनी व २० षट्‌कोनी. ते जोडताना ९० शिवणी आणि सहाशेहून अधिक टाके घालावे लागतात. शिवणारा माणूस लाकडी चिमट्यात तुकडे धरतो, तो चिमटा गुडघ्यांत दाबतो आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी ओढतो. मजुरी दिवसावर नसून नगावर असते. तुकडे आणि दोरा ठेकेदार घरी आणून देतो, तयार चेंडू घेऊन जातो. कारखानदाराला शिवणाऱ्याचे नाव ठाऊक नसते आणि शिवणाऱ्याला चेंडूची किंमत ठाऊक नसते.

या धंद्याचे जुने केंद्र सियालकोट. १९४७ च्या फाळणीत तेथील अनेक कारागीर जालंधरला आले आणि हा धंदा तेथे वाढला. जालंधरच्या वस्त्यांत घरोघरी चेंडू शिवणाऱ्यांत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. जातीने कामेच वाटली नाहीत, कामकरी माणसेही एकमेकांपासून तोडली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते. खेळणारा एका जगात आणि शिवणारा दुसऱ्या जगात, ही त्याचीच साक्ष आहे.

१९९६ साली अमेरिकेतील 'लाइफ' मासिकाने सियालकोटकडील चेंडू शिवणाऱ्या मुलांची छायाचित्रे छापली आणि जगात खळबळ उडाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये अटलांटा येथे करार झाला. मुलांना या कामातून काढावे, शिवणकाम तपासणी करता येईल अशा केंद्रांत आणावे, असे ठरले. मुले सुटावीत हे योग्यच होते. पण घर सोडून केंद्रात जाणे अनेक स्त्रियांना शक्य झाले नाही आणि त्यांची मिळकत गेली. मूल सुईला बसते कारण आईबापाच्या मजुरीत घर चालत नाही. ती मजुरी न वाढविता मुलाला उठविले, तर अर्धेच काम होते.

आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. मात्र शाळा सुटल्यावर व सुट्टीत घरच्या उद्योगात मदत करण्याची सूट राहिली. शिवणकाम घरातच चालत असेल, तर ही सूट कोणाच्या फायद्याची, हे वाचकांनीच ठरवावे.

मजुरीविषयी १९८२ चा एक निवाडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामे चालू होती. मजुरांना दिवसाचे ९ रुपये २५ पैसे मिळावयाचे, त्यातून जमादार एक रुपया कापून घेत. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम ही घटनेच्या कलम २३ खालील वेठबिगारच होय. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली, त्याला या निवाड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता भगवंतांचे वचन पाहू. सिगालोवाद सुत्तात धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा मजुरांचा कायदाच म्हणा. घरी बसून नगावर शिवणाऱ्याला यांपैकी किती मिळते?

कोणी म्हणेल, 'गुरुजी, आमच्याकडेच पैसा नाही, स्वस्त चेंडू घेतला तर आमचा काय दोष?' एकट्या गरीब बापाला दोष नाहीच. पण भीमजयंतीला सामने भरविणारे मंडळ आणि खेळाचे साहित्य घेणारी शाळा एकदम माल घेतात. त्यांना दुकानदाराला विचारता येते: हा चेंडू कोठे शिवला? मजुरीची व मुलांच्या शाळेची तपासणी होते काय? उत्तर लगेच मिळणार नाही. दहा मंडळांनी विचारले, तर प्रश्न दुकानातून वर जाईल. न दिलेले घेऊ नये, हे शील आपण रोज म्हणतो. दुसऱ्याच्या मजुरीतला न दिलेला रुपयाही त्यातच येतो.

रविवारच्या वंदनेनंतर चर्चेसाठी प्रश्न:

१. सम्यक् आजीव विकणाऱ्यापुरताच आहे, की विकत घेणाऱ्यालाही लागू आहे?
२. सिगालोवाद सुत्तातील पाच कर्तव्ये आपल्या गावातील विडी, शिवण वा पापडाच्या घरकामाला लावून पाहा. कोणती पाळली जातात?
३. आपल्या मंडळाने पुढील खरेदीपूर्वी दुकानदाराला कोणते प्रश्न विचारावेत?

जयभीम.