शेत हेही कामाचे ठिकाण : अनुचित वर्तनाविषयी प्रशिक्षणातून जागृती

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि हे शहर संघटित रोजगाराचे केंद्र बनले. शहराची हद्द ओलांडताच मात्र दुर्ग जिल्ह्यातील भातखाचरे व भाजीपाल्याचे मळे लागतात. तेथे लावणी, निंदणी व तोडणीच्या कामांत महिलांचा मोठा वाटा असतो. कारखान्यातील कर्मचारी महिला आणि मळ्यातील शेतमजूर महिला यांना कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळापासून संरक्षण देणारा कायदा एकच आहे. तक्रारीचा मार्ग तेवढा वेगळा असू शकतो. कृषी क्षेत्रातील प्रशिक्षणात हा फरक स्पष्ट होणे आवश्यक आहे.

कायद्याचे मूळ

या कायद्याचे मूळ ग्रामीण भागातच आहे. राजस्थानातील भंवरीदेवी या शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात गावपातळीवर काम करीत. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्यानंतर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे २०१३ मध्ये संसदेने स्वतंत्र अधिनियम संमत केला.

कोणते वर्तन अनुचित?

नकोसा स्पर्श वा लगट, लैंगिक संबंधांची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रफिती दाखविणे आणि लैंगिक स्वरूपाचे अन्य कोणतेही नकोसे शारीरिक, शाब्दिक वा सूचक वर्तन यांचा छळात समावेश होतो. अशा वर्तनाला जोडून काम देण्याचे आमिष दाखविणे किंवा ‘उद्यापासून कामावर येऊ नको’ अशी धमकी देणे, हाही त्याचाच भाग ठरतो. मालकाने मजुरांची ने-आण करण्यासाठी दिलेला टेम्पो वा ट्रॅक्टरदेखील कायद्याच्या दृष्टीने कामाचे ठिकाण आहे.

दाद कोठे मागावी?

- दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे.
- दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. ग्रामीण भागात तालुका वा विकासखंड पातळीवरील समन्वय अधिकारी तक्रार स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवितो.
- तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची मुदत मिळू शकते. लिहिता न येणाऱ्या महिलेला तक्रार लिहून देण्यास साहाय्य करणे समितीवर बंधनकारक आहे.
- चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. तक्रारदाराची ओळख उघड करण्यास मनाई आहे.
- समेट केवळ पीडित महिलेच्या विनंतीवरूनच होऊ शकतो व तो पैशांच्या आधारे करता येत नाही. गावात पैसे देऊन प्रकरण मिटविण्याची प्रथा म्हणूनच कायद्याला मान्य नाही.
- तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्याच कारणावरून ती खोटी ठरत नाही.

प्रशिक्षणाची आखणी

कलम १९ नुसार ठरावीक कालांतराने जनजागृती कार्यक्रम घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गोवा विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी अंमलबजावणीतील गंभीर त्रुटी दाखवून समिती सदस्यांच्या नियमित प्रशिक्षणाचे निर्देश दिले.

विस्तार कार्यकर्त्यांनी लावणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी महिलांसाठी स्वतंत्र सत्र घ्यावे. शेतमालक, मुकादम व वाहनचालक यांचे सत्रही तितकेच आवश्यक आहे. दुर्गसारख्या जिल्ह्यात सत्राची भाषा छत्तीसगढी असावी. कलमे वाचून दाखविण्यापेक्षा शेतावरील प्रसंगांवर चर्चा घडवावी. स्थानिक समितीचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीत आणि सहकारी सोसायटीत ठळकपणे लावावा. दहा किंवा अधिक मजूर ठेवणाऱ्या प्रगतशील शेतकऱ्याने अंतर्गत समिती नेमून इतरांपुढे उदाहरण घालून द्यावे.

सत्राच्या अखेरीस प्रत्येक महिलेला ‘तक्रार कोणाकडे करावी?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे नेमके उत्तर तिला देता आले, तरच प्रशिक्षणाचा हेतू साध्य झाला असे मानावे.