सक्तीची लष्करी सेवा : जर्मनीपुढील पेच

जर्मनीत २००८ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या तरुणाला अठरा वर्षे पूर्ण झाली की सैन्यदलाकडून एक पत्र येते आणि त्यासोबत एक प्रश्नावली असते. प्रकृती कशी आहे, शिक्षण किती झाले आहे, लष्करात सेवा करण्याची इच्छा आहे काय, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत विचारलेले असतात. मुलांनी ती भरून पाठविणे बंधनकारक आहे. मुलींना मात्र उत्तर देण्याची मोकळीक आहे, सक्ती नाही. ज्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली तो बुंडेस्टाग या जर्मन लोकप्रतिनिधिगृहाने ५ डिसेंबर २०२५ रोजी संमत केला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. या कायद्याने कोणालाही सक्तीने सैन्यात ओढलेले नाही. भरती स्वेच्छेचीच राहिली आहे. परंतु स्वेच्छेने पुरेसे तरुण पुढे आले नाहीत तर सक्ती करावी किंवा कसे, हे बुंडेस्टागने पुन्हा वेगळा कायदा करून ठरवावयाचे आहे. मतदानाच्या त्या दिवशी अनेक शहरांतील शाळकरी मुले वर्ग सोडून निषेधासाठी रस्त्यावर उतरली होती. कायदा त्यांच्याविषयी होता आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता.

सक्तीची लष्करी सेवा जर्मनीला नवी नाही. याच देशाने ती २०११ साली बाजूला ठेवली होती. ती पुन्हा आणावी की नाही, या प्रश्नाचा विचार करताना ती मुळात का बाजूला ठेवावी लागली, हे आधी पाहिले पाहिजे. कारण त्या वेळी जो प्रश्न अनुत्तरित राहिला, तोच आज पुन्हा समोर उभा आहे.

१८०६ साली येना येथे नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाचा दारुण पराभव केला. राजाच्या पगारी शिपायांपुढे फ्रान्सचे नागरिक-सैनिक उभे ठाकले होते, आणि पगारी शिपाई हरले. या पराभवातून शार्नहोर्स्ट आदी सुधारक सेनाधिकाऱ्यांनी धडा घेतला आणि १८१४ च्या कायद्याने प्रशियात सार्वत्रिक लष्करी सेवा कायम झाली. पुढे एक शतकभर ती जर्मन जीवनाचा अविभाज्य भाग होती. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन भूसेनेवर एक लाखाची मर्यादा घातली व सक्तीच्या भरतीला बंदी केली. ही बंदी हिटलरने १६ मार्च १९३५ रोजी झुगारून दिली. त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे.

म्हणूनच १९४९ साली पश्चिम जर्मनीची राज्यघटना तयार होत असताना तिच्या शिल्पकारांपुढे एक विलक्षण परिस्थिती होती. देशाला सैन्यच नव्हते. आणि तरीही घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात असे नमूद करण्यात आले की, कोणालाही त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीविरुद्ध शस्त्र घेऊन युद्धसेवा करण्यास भाग पाडता येणार नाही. सैनिक जन्माला येण्यापूर्वीच सैनिक न होण्याचा अधिकार जन्माला आला. या तरतुदीला त्या वेळी विरोधही झाला होता. पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर हॉइस यांचे म्हणणे असे की, सार्वत्रिक लष्करी सेवा ही लोकशाहीचे औरस अपत्य आहे आणि विवेकाच्या नावाखाली सर्वांनाच सूट मिळू लागली तर तिचा पायाच ढासळेल. हॉइस यांची शंका अगदीच निराधार होती, असे म्हणता येत नाही.

शीतयुद्ध तीव्र होत गेले, तेव्हा १९५५ साली 'बुंडेसवेर' हे नवे सैन्यदल उभारण्यात आले आणि १९५६ च्या कायद्याने सक्तीची सेवा पुन्हा आली. जनमत तिला अनुकूल नव्हते. आधीच्या काही वर्षांपासून 'मला यात धरू नका' अशा अर्थाची घोषणा देशभर गाजत होती. नव्या सैन्याची कल्पना मात्र जुन्या सैन्याहून मुद्दाम वेगळी ठेवण्यात आली. बाउडिसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'गणवेशातील नागरिक' हा आदर्श मांडला : सैनिकाने गणवेश चढविला म्हणून त्याचे नागरिकत्व खुंटीला टांगले जात नाही. सैन्य समाजापासून तुटू नये, छावणीच्या भिंतीआड एक वेगळे राज्य निर्माण होऊ नये, यासाठी दरवर्षी सर्व थरांतील तरुण तेथे येत-जात राहिले पाहिजेत, असा सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद होता. हिटलरच्या अनुभवातून गेलेल्या देशात हा युक्तिवाद वजनदार ठरला.

ज्यांना शस्त्र घ्यावयाचे नव्हते त्यांच्यासाठी १९६१ पासून पर्यायी नागरी सेवा सुरू झाली. परंतु ती मिळविणे सोपे नव्हते. अर्जदाराला एका तपासणी मंडळापुढे उभे राहून आपला विवेक सिद्ध करावा लागे. विवेक सिद्ध कसा करावयाचा? मंडळाचे सदस्य त्याला कल्पित प्रसंग घालीत. तुझ्या आप्तांवर कोणी प्राणघातक हल्ला केला आणि तुझ्या हाती शस्त्र असले, तर तू काय करशील? 'शस्त्र चालवीन' म्हटले तर तो अहिंसावादी नाही असे ठरे. 'चालविणार नाही' म्हटले तर तो खरे बोलत नाही, असा संशय येई. शिकलेला, बोलका मुलगा अशा प्रश्नांतून वाट काढी. कारखान्यात काम करणाऱ्या अबोल मुलाला ते जमत नसे. काही तरुणांनी याहून सोपी वाट शोधली. पश्चिम बर्लिन दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असल्यामुळे तेथील रहिवाशांना लष्करी सेवा लागू नव्हती, म्हणून ते वेळेवर तिकडे राहावयास गेले. भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीत १९६२ पासून सक्ती होती. तेथे नागरी सेवेची सोय नव्हती. १९६४ नंतर शस्त्राविना बांधकामाच्या तुकडीत काम करण्याची मुभा तेवढी मिळाली.

१९७७ साली पश्चिम जर्मनीत ही चौकशी रद्द करून केवळ लेखी निवेदन पुरेसे मानण्याचा कायदा झाला. एका पोस्टकार्डावर सेवेतून सुटता येते, अशी त्याची टर उडविली गेली आणि १९७८ मध्ये घटना न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. शेवटी १९८० नंतरच्या दशकात तडजोड झाली : विवेकाची तोंडी परीक्षा बहुतांशी संपली आणि तिच्याऐवजी नागरी सेवेचा काळ लष्करी सेवेहून लांबविण्यात आला. जो अधिक महिने काम करावयास तयार आहे, त्याचा विवेक खरा मानावयाचा, असा हा हिशेब होता. त्यात शहाणपण होते आणि थोडी कडवट विनोदबुद्धीही.

यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. ज्यांना पूर्वी कामचुकार म्हणून हिणविले जाई, ते तरुण वृद्धाश्रम, रुग्णालये व रुग्णवाहिका यांचा आधार झाले. शतक संपता संपता त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. सक्तीची भरती बंद करू नये, असा आग्रह धरणाऱ्यांत पुढे समाजसेवी संस्थाही होत्या. सैन्याला मुलांची गरज उरली नव्हती, म्हाताऱ्यांना होती.

सैन्याची गरज का उरली नाही, हे सांगावयास फार शब्द नकोत. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले आणि एकीकरणाच्या करारात सैन्यसंख्येवर ३ लाख ७० हजारांची मर्यादा मान्य करण्यात आली. सेवेचा काळ बारा महिन्यांवरून दहा, मग नऊ आणि अखेरीस सहा महिन्यांवर आला. सहा महिन्यांत सैनिक शिकून तयार होतो न होतो तोच घरी जातो. दरम्यान, प्रत्यक्ष बोलाविल्या जाणाऱ्यांचे प्रमाण घटत गेले. एका वर्गातील दोन मित्र. एकाला आदेश आला, दुसऱ्याला आलाच नाही. पहिल्याचे अर्धे वर्ष गेले, दुसरा विद्यापीठात पुढे गेला. 'तोच का आणि हा का नाही?' या प्रश्नाला शासनापाशी उत्तर नव्हते. संरक्षणाचा भार सर्वांवर सारखा पडावा, या तत्त्वासाठी जर्मन भाषेत एक स्वतंत्र जोडशब्दच आहे आणि वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतून तो गाजत राहिला. संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांनी २०१० साली पुढाकार घेतला आणि १ जुलै २०११ पासून शांतताकाळातील सक्ती स्थगित झाली. शांततावाद्यांच्या चळवळीने जे झाले नाही, ते या असमानतेने केले. येथे 'स्थगित' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायदा रद्द झाला नाही, आणि देशावर प्रत्यक्ष युद्धप्रसंग ओढवल्याचे जाहीर झाल्यास सक्ती आपोआप पुन्हा लागू होते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले आणि सारे गणित बदलले. चॅन्सेलर शोल्त्स यांनी तीन दिवसांनी लष्करासाठी १०० अब्ज युरोंचा खास निधी जाहीर केला. पैशाने रणगाडे येतात. ते चालविणारे लगेच येत नाहीत. नवा कायदा झाला त्या वेळी बुंडेसवेरची संख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास होती. २०३५ पर्यंत ती २ लाख ६० हजारांपर्यंत न्यावयाची आणि त्यामागे दोन लाखांचे राखीव दल उभे करावयाचे, असे उद्दिष्ट आहे. या राखीव दलातच सक्तीच्या समर्थकांचा खरा मुद्दा आहे. कायम सैन्य पगारावर उभे करता येते, परंतु दीर्घ युद्धात पडलेल्यांच्या जागी उभे राहणारे प्रशिक्षित नागरिक आयत्या वेळी कोठून आणणार, या त्यांच्या प्रश्नाला युक्रेनच्या उदाहरणाने धार आली आहे.

विरोधकांचे म्हणणेही वरवरचे नाही. २०११ नंतर भरती कार्यालये मोडीत निघाली आणि अनेक छावण्या बंद झाल्या; मुले बोलावली तरी त्यांना ठेवावयाचे कोठे आणि शिकवावयाचे कोणी? शिवाय सक्तीच्या सैनिकाला थोडा पगार द्यावा लागतो म्हणून तो स्वस्त असतो, हा भ्रम आहे. त्याचे गेलेले वर्ष हीही किंमतच. फक्त ती सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही, त्या मुलाच्या पदरातून वळती होते. संपूर्ण वयोगटाला सक्ती केल्यास अर्थव्यवस्थेवर वर्षाकाठी सुमारे ७० अब्ज युरोंचा भार पडेल, असा अंदाज म्युनिकच्या इफो या अर्थसंशोधन संस्थेने २०२४ मध्ये मांडला होता. अमेरिकेत गेट्स आयोगाने १९७० सालीच असा युक्तिवाद केला होता की, सक्तीची भरती हा तरुणांवर लादलेला एक छुपा कर आहे. तेथील सक्ती १९७३ मध्ये संपली.

पण पेचाचे मूळ संख्येत आहे. जर्मनीत दरवर्षी सुमारे तीन लाख मुलगे अठराव्या वर्षात पदार्पण करतात. सैन्याला त्यांपैकी थोडेच हवे आहेत. मग ते निवडावयाचे कसे? ऑक्टोबर २०२५ मध्ये सत्तारूढ पक्षांच्या काही सदस्यांनी सोडतीची सूचना पुढे आणली, आणि एकच गदारोळ झाला. संरक्षणमंत्री पिस्टोरियस यांनीच तिला हरकत घेतली आणि ठरलेली संयुक्त पत्रकार परिषद ऐन वेळी रद्द करावी लागली. एखाद्याच्या आयुष्यातले वर्ष चिठ्ठीवर ठरावे, ही कल्पना लोकांना अपमानास्पद वाटली. शेजारच्या डेन्मार्कमध्ये मात्र सोडतीची पद्धत फार जुनी आहे आणि २०२५ पासून मुलींनाही ती लागू झाली आहे. स्वीडनने सोडत टाळली. २०१० मध्ये थांबविलेली सक्ती त्याने २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली, मुलामुलींना सारखीच. प्रत्येकाने प्रश्नावली भरावयाची, आणि त्यांतून योग्य व शक्यतो इच्छुक असे थोडे निवडावयाचे. तेथे निवड होणे काहींना मानाचे वाटते. जर्मनीचा नवा कायदा स्वीडनकडे पाहून बेतला आहे, हे उघड आहे.

सोडतीची बदनामी झाली असली, तरी तिच्या जागी इतिहासात काय होते हे विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये श्रीमंताला पैसे मोजून बदली माणूस पाठविता येई. अमेरिकेच्या यादवी युद्धात ३०० डॉलर भरणाऱ्याला सूट मिळे. त्यावरून जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भीषण दंगली उसळल्या. व्हिएतनाम युद्धात महाविद्यालयात शिकणाऱ्यांची सेवा पुढे ढकलली जाई, म्हणजे ज्यांना महाविद्यालय परवडत नसे ते आधी जात. १ डिसेंबर १९६९ रोजी तेथे जन्मतारखांची सोडत काढण्यात आली, ती ही तक्रार मिटविण्यासाठी. एका काचेच्या बरणीत ३६६ निळ्या कुप्या घातल्या होत्या. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कुप्या नीट ढवळल्या नव्हत्या. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या वाट्याला सुरुवातीचे क्रमांक अधिक आले. नशिबालासुद्धा नीट ढवळावे लागते! तरीही पैशापेक्षा आणि ओळखीपेक्षा चिठ्ठी अधिक निःपक्षपाती असते, हे कबूल केले पाहिजे. ज्या राष्ट्राला थोडेच सैनिक हवे आहेत त्याने आधी चांगला पगार देऊन माणसे मिळवावीत; तेवढ्याने भागले नाही आणि सक्ती करावीच लागली, तर उघड्या सोडतीची लाज बाळगण्याचे कारण नाही.

भारतीय वाचकाला यात एक ओळखीचा धागा सापडेल. भारताचे सैन्य स्वेच्छेचे आहे. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ साली महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची करण्यात आली होती, परंतु १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. तथापि, संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी करतानाच सार्वजनिक प्रयोजनासाठी अनिवार्य सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली आहे. अट एवढीच की, अशी सेवा लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. या यादीत 'लिंग' हा शब्द नाही.

जर्मनीत नेमके तेच अडले आहे. घटनेच्या १२ अ या अनुच्छेदानुसार लष्करी सेवेची सक्ती केवळ पुरुषांवर करता येते. मुलींना तीत आणावयाचे तर घटनादुरुस्ती हवी आणि तिला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते हवीत. तेवढी मते आज कोणापाशी नाहीत. म्हणून प्रश्नावलीची सक्ती मुलांपुरतीच राहिली आहे. जुलै २०२७ पासून त्या त्या वर्षी अठरा पूर्ण करणाऱ्या सर्व मुलांची वैद्यकीय तपासणीही व्हावयाची आहे. स्वेच्छेने येणाऱ्याला महिना सुमारे २६०० युरो वेतन देऊ केले आहे. भरतीचे आकडे सरकारने वेळोवेळी बुंडेस्टागपुढे ठेवावयाचे आहेत. ते पुरेसे भरले तर सोडतीची बरणी बाहेर काढावी लागणार नाही. न भरले तर कोणाला बोलवावे आणि कोणाला वगळावे, हा २०११ चा प्रश्न त्याच सभागृहात पुन्हा मांडला जाईल.