मी आणि माझे

प्रास्ताविक

‘हे माझे आहे’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. माझे घर, माझे शेत, माझी माणसे, माझे नाव असे आपण सहज बोलतो. मात्र ‘मी’ म्हणजे नेमके कोण आणि एखादी गोष्ट ‘माझी’ होते म्हणजे नेमके काय होते, हे प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. भारतीय परंपरेत हे प्रश्न फार प्राचीन काळापासून विचारले गेले आहेत. ऋषी, भिक्षू, संत आणि समाजसेवक यांनी त्यांची उत्तरे आपापल्या परीने शोधली. त्यांतील चार प्रसंगांच्या आधारे या वैचारिक पाठात ‘मी’पणाचा आणि मालकीच्या भावनेचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर आपण –
- ‘अहंता’ आणि ‘ममता’ या संकल्पना स्पष्ट करू शकाल;
- मैत्रेयी, नागसेन, तुकाराम व विनोबा यांच्या प्रसंगांतील विचार स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
- हक्क आणि ममत्व यांतील फरक उदाहरणांसह लिहू शकाल;
- षष्ठी विभक्तीच्या रूपांतून व्यक्त होणारे विविध संबंध ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. एक प्रत्यय, अनेक नाती

आपण प्रथम भाषेकडेच पाहू. ‘माझी छत्री’, ‘माझी आई’, ‘माझे गाव’, ‘माझे शरीर’, ‘माझी चूक’ या सर्व ठिकाणी षष्ठी विभक्तीचेच रूप आहे. पण त्यातून व्यक्त होणारा संबंध प्रत्येक वेळी निराळा आहे. छत्री मी विकू शकतो. आई विकता येत नाही. गाव माझे आहे असे मी म्हणतो, तेव्हा खरे तर मीच गावाचा असतो. चूक माझी असते, पण ती कोणी ‘माझी’ म्हणून तिजोरीत जपून ठेवत नाही. एकच प्रत्यय इतक्या वेगवेगळ्या नात्यांना लावला जातो आणि नकळत आपण ही सर्व नाती छत्रीसारखीच समजू लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रोजच्या बोलण्यात मराठी माणूस मालकी ‘असणे’ या साध्या क्रियापदानेच सांगतो. ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ असे आपण म्हणतो. या वाक्याचा कर्ता ‘मी’ नसून ‘पैसे’ आहेत. ते आहेत आणि सध्या माझ्या जवळ आहेत, एवढेच हे वाक्य सांगते. उद्या ते दुसऱ्याजवळ असतील. भाषेने जणू सत्य आधीच सांगून ठेवले आहे. ते ऐकण्याचे भान मात्र आपल्याला राहत नाही.

शेतजमिनीच्या सातबाऱ्याच्या उताऱ्याकडे पाहिले, तर हेच दिसते. आजोबांचे नाव कमी होते, वडिलांचे चढते. पुढे त्यांचेही कमी होऊन मुलांचे चढते. नावे बदलत राहतात आणि जमीन जेथे होती तेथेच असते. बांधावरून भांडलेले दोघेही निघून जातात. बांध मात्र मागे राहतो.

२. मैत्रेयीचा प्रश्न

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद आहे. तो त्या ग्रंथात दोनदा, थोड्याफार फरकाने आला आहे. याज्ञवल्क्यांना कात्यायनी आणि मैत्रेयी अशा दोन पत्नी होत्या. गृहस्थाश्रम सोडून जाण्याचे ठरल्यावर, आपल्या संपत्तीची दोघींमध्ये वाटणी करावी, असा विचार त्यांनी मैत्रेयीजवळ बोलून दाखवला. त्यावर तिने विचारले की, धनाने भरलेली ही सारी पृथ्वी जरी मला मिळाली, तरी त्यामुळे मी अमर होईन काय? याज्ञवल्क्यांनी स्पष्ट उत्तर दिले की, तसे होणार नाही. साधनसंपन्न माणसे जशी जगतात तसे तिचे जगणे होईल, एवढेच. तेव्हा, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू, असे विचारून तिने धनाऐवजी ज्ञान मागितले.

मग याज्ञवल्क्यांनी तिला ‘आत्मा’ या विषयाचा उपदेश केला. पती, पत्नी, पुत्र, धन या गोष्टी आपल्याला त्यांच्यासाठी प्रिय नसतात, तर आत्म्यासाठी प्रिय असतात. म्हणून जाणून घ्यायचे ते आत्म्यालाच, असा त्याचा आशय आहे. पाण्यात विरघळलेला मिठाचा खडा वेगळा काढता येत नाही, पण पाणी कोठूनही चाखले तरी ते खारटच लागते. त्याप्रमाणे हे तत्त्व सर्वत्र व्यापून आहे, असा दृष्टान्त त्यांनी दिला. ज्याला सीमाच नाही, त्याने कुंपण घालून ‘एवढेच माझे’ असे म्हणण्याला काय अर्थ उरतो?

३. रथ म्हणजे काय?

दुसरा संवाद बौद्ध परंपरेतील आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मिनँडर नावाचा ग्रीक वंशाचा राजा भारताच्या वायव्य भागात राज्य करीत होता. पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो ‘मिलिंद’ या नावाने येतो. भिक्षू नागसेन यांनी त्याला सांगितले की, ‘नागसेन’ हे केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. त्या नावामागे कायम टिकणारी कोणी व्यक्ती सापडत नाही. राजाला हे पटले नाही. तेव्हा नागसेनांनी त्याला विचारले की, आपण येथे कसे आलात? राजा रथातून आला होता. मग रथ म्हणजे चाक काय? आस काय? दांडी काय? प्रत्येक प्रश्नाला राजाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागले. हे सारे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले म्हणजे त्यांना आपण ‘रथ’ म्हणतो. तसेच शरीर, संवेदना, विचार यांच्या समुच्चयाला आपण एक नाव देतो, असे नागसेनांनी दाखवून दिले.

उपनिषद शोधाच्या शेवटी आत्मा सांगते, तर बौद्ध विचार कोणताही नित्य आत्मा मानत नाही. हा मतभेद मूलभूत आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण एका मुद्द्यावर दोन्ही विचार जवळ येतात. ज्या लहानशा ‘मी’ला आपण मालक समजतो, तो तपासणीला टिकत नाही. मालकच निश्चित नसेल, तर मालकीचा दाखला कोणाच्या नावे लिहायचा?

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) मैत्रेयीने धनाऐवजी काय मागितले? – (१) राज्य (२) ज्ञान (३) पुत्र
(आ) नागसेनांनी कोणता दृष्टान्त दिला? – (१) मिठाचा खडा (२) दिवा (३) रथ

४. इंद्रायणीतील खते

महाराष्ट्रात सतराव्या शतकात संत तुकाराम होऊन गेले. देहू येथील त्यांच्या घराण्यात दुकानदारी आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांच्या कुटुंबाची वाताहत झाली. परंपरा असे सांगते की, त्यानंतर तुकारामांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढली. त्यांचे दोन भाग केले. धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीच्या पात्रात बुडवली.

या कथेतील त्याग सर्वांना दिसतो. वाटणी मात्र सहसा नजरेतून सुटते. तुकारामांनी सगळीच खते बुडवली नाहीत. भावाच्या वाट्यावर आपला अधिकार नाही, हे त्यांनी जाणले होते. ‘माझे काही नाही’ असे म्हणणारा माणूस ‘तुझेही काही नाही’ असे परस्पर ठरवू शकत नाही. शिवाय ती खते म्हणजे केवळ कागद नव्हते. दुष्काळाने पिचलेल्या माणसांच्या मानेवरचे ते ओझे होते. तुकारामांचे ‘माझे’ सुटले, तेव्हा इतरांची मान मोकळी झाली.

५. पोचमपल्लीची मागणी

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. १८ एप्रिल १९५१ रोजी ते आजच्या तेलंगणातील पोचमपल्ली या गावी होते. तेथील भूमिहीन दलित कुटुंबांनी पोटासाठी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी त्यांना ‘जमीन ही माया आहे, समाधानी राहा’ असा उपदेश केला नाही. त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की, कोणी काही देऊ शकेल काय? तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देण्याचे जाहीर केले. भूदान चळवळीचा आरंभ तेथे झाला.

पुढे पायी फिरताना विनोबा जमीनमालकांना म्हणत की, तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. या चळवळीत लाखो एकर जमीन मिळाली. त्यांपैकी काही जमीन नापीक निघाली आणि काहींचे वाटप झालेच नाही, हेही तितकेच खरे आहे. कारण कागदावर सही केली, तरी मनातली मूठ सुटतेच असे नाही.

६. हक्क आणि ममत्व

येथे एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही, त्याला मालकी हा भ्रम आहे असे सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? शंका रास्त आहे. म्हणून हक्क आणि ममत्व या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. हक्क ही समाजाने माणसांमध्ये घातलेली न्याय्य व्यवस्था आहे. तिच्यामुळे दुर्बलाला आधार मिळतो. ममत्व ही मनाची पकड आहे. वस्तू गेली म्हणजे मीच संपलो, असे ती मनाला वाटायला लावते. हक्क जपावा, पकड सैल करावी.

२००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तरीही अनेक घरांत वाटणीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. “ताई, तुला काय कमी आहे? मन मोठे कर आणि सही कर,” असे तिला सांगितले जाते. नाही म्हटले तर माहेर तुटेल, या भीतीने ती सही करते. वैराग्याची भाषा येथे लोभाच्या कामी आलेली असते. मैत्रेयीने संपत्ती नाकारली हे खरे. पण त्याआधी तिचा वाटा तिच्यापुढे ठेवण्यात आला होता. जे कधी हाती दिलेच नाही, त्याचा त्याग कोणी कसा करावा?

मैत्रेयी, तुकाराम आणि पोचमपल्लीचे दाते यांच्यात एक समान सूत्र आहे. प्रत्येकाने आपल्याच वाट्यावरचा हात काढला. दुसऱ्याला रिकाम्या हाताने राहण्याचा उपदेश केला नाही. ‘मालकी हा भ्रम आहे’ हे वाक्य स्वतःला सांगायचे असते. दुसऱ्याला सांगताच त्याचा अर्थ बिघडतो.

‘ममता’ हा शब्द ‘मम’ म्हणजे ‘माझे’ यापासून बनला आहे. तत्त्वज्ञानात ममता म्हणजे सोडायची आसक्ती. रोजच्या मराठीत ममता म्हणजे आईची माया. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. ‘माझे’ म्हणून कुंपण घातले, तर ती आसक्ती होते. ‘माझे’ म्हणून जवळ घेतले, तर ती माया होते. विनोबांनी स्वतःला सहावा मुलगा म्हणवून घेतले, ते कुंपण थोडे बाहेर सरकवण्यासाठीच. आपल्या घरातील पुढच्या वाटणीच्या दिवशी, आपण यांपैकी कोणत्या अर्थाने ‘माझे’ म्हणणार आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

पाठगत प्रश्न २

चूक की बरोबर ते सांगा.
(अ) तुकारामांनी भावाच्या वाट्याची खतेही बुडवली.
(आ) भूदान चळवळीचा आरंभ १९५१ साली झाला.

शब्दार्थ

अहंता – मीपणा
ममत्व – माझेपणा, आसक्ती
समुच्चय – एकत्र आलेला समूह
आस – चाके जोडणारा दांडा
खत – कर्जाचा लेखी दस्तऐवज
वाताहत – दाणादाण, नाश
हक्कसोडपत्र – मालमत्तेतील आपला हक्क सोडल्याचा दस्त

आपण काय शिकलो?

- षष्ठी विभक्ती केवळ मालकी दाखवत नाही; नाते, निवास, कर्तृत्व असे अनेक संबंध दाखवते.
- उपनिषद आणि बौद्ध विचार यांची उत्तरे भिन्न असली, तरी मालक समजला जाणारा ‘मी’ दोन्हींत तपासला जातो.
- त्याग स्वतःच्या वाट्याचाच करता येतो. दुसऱ्याचा हक्क डावलणे म्हणजे वैराग्य नव्हे.

पाठान्त प्रश्न

१. ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ या वाक्याच्या रचनेतून लेखकाने कोणता विचार मांडला आहे?
२. मैत्रेयीच्या नकारापूर्वी तिचा वाटा तिच्यापुढे ठेवण्यात आला होता, या गोष्टीचे महत्त्व स्पष्ट करा.
३. आत्म्याविषयी उपनिषद आणि बौद्ध विचार यांतील साम्य व भेद लिहा.
४. ‘हक्क जपावा, पकड सैल करावी’ या विधानाचा आपल्या अनुभवातील एका प्रसंगाच्या आधारे दहा ओळींत विस्तार करा.
५. ‘माझा’, ‘माझी’, ‘माझे’ ही रूपे वापरून पाच वाक्ये लिहा आणि प्रत्येक वाक्यातील संबंधाचा प्रकार सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ज्ञान (आ) रथ
२. (अ) चूक (आ) बरोबर