जागलीला जाण्याआधी डासांचा हिशेब

वर्षावास संपत आला की पूर्व विदर्भातील आपल्या घरांत दोन कामांची एकाच वेळी धांदल उडते. एकीकडे अश्विन पौर्णिमेची विहारातील तयारी आणि दीक्षाभूमीला जाण्याची बांधाबांध. दुसरीकडे बांध्यांत निसवलेले धान आणि रानडुकरांपासून ते राखण्यासाठी रात्रीची जागल. नेमक्या याच दिवसांत तापाचे रुग्ण वाढतात. गडचिरोली हा तर राज्यातील हिवतापाचा जुना आणि मोठा जिल्हा. शेजारच्या चंद्रपूर, गोंदिया, भंडारा जिल्ह्यांतील जंगलालगतची गावेही त्यातून सुटलेली नाहीत.

पोटासाठी रानात जावेच लागते. "जाऊ नका" असे सांगणे सोपे आहे, पण ते आरोग्यशिक्षण नव्हे. "आम्ही लहानपणापासून रानात झोपतो, आम्हाला काही होत नाही" हे म्हणणेही खरे नाही. भीती आणि बेफिकिरी ही दोन्ही टोके सोडून धोका मोजायचा कसा, हे या पाठात पाहू.

कोणता डास, कोणती वेळ

हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्याच्या काही जाती जंगलातील संथ वाहत्या झऱ्यांच्या काठी, तर काही पाटचाऱ्या, डबकी आणि भाताच्या बांध्यांत वाढतात.

जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स डासही भाताच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि रात्रीच चावतो. त्याचा विषाणू डुकरे व पाणपक्षी यांच्यात असतो. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. साधारण 250 जणांपैकी एकाला गंभीर आजार होतो, पण अशा गंभीर रुग्णांपैकी 30 टक्क्यांपर्यंत दगावू शकतात. यात मुले जास्त असतात. हत्तीरोग पसरवणारा डास याच कुळातला. तो गटारे आणि घाण पाण्यात वाढतो.

डेंगीचा एडिस मात्र दिवसा चावतो. त्याला रान नको, घर हवे. रांजण, कुलर, टायर, फुटके डबे यांतील स्वच्छ साठलेले पाणी त्याला पुरते. म्हणून रानात जाताना मच्छरदाणी नेली आणि घरामागचा रांजण पंधरा दिवस उघडा राहिला, तर हिशेब अर्धाच झाला.

धोका मोजण्याचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न: कोणत्या महिन्यात? मार्च-एप्रिलमधील मोहफुले आणि एप्रिल-मेमधील तेंदूपाने यांच्या कामात रान कोरडे असते, त्यामुळे धोका कमी असतो. तो शून्य नसतो, कारण झऱ्यांना पाणी असते. पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने सर्वांत जोखमीचे.

दुसरा: किती रात्री? एका रात्रीचा आणि वीस रात्रींचा धोका सारखा नाही. प्रत्येक रात्र हिशेबात धरावी लागते.

तिसरा: पाणी किती जवळ आहे? अ‍ॅनाफिलीस एक-दोन किलोमीटर सहज उडतो. तरी झऱ्याच्या किंवा बोडीच्या अगदी काठावरचे मचाण आणि उंच, मोकळ्या, वाऱ्याच्या जागेवरचे मचाण यांत फरक पडतोच.

चौथा: आजूबाजूला माणसे कोण आहेत? हा प्रश्न बहुतेकजण विसरतात. डास स्वतः हिवताप घेऊन जन्मत नाही. आधी हिवतापाच्या माणसाला चावलेला डासच पुढच्याला आजार देतो. काही माणसांच्या रक्तात जंतू असूनही त्यांना ताप नसतो. त्यामुळे निर्मनुष्य रानापेक्षा बांबूतोडीच्या किंवा तेंदूपानांच्या फडावर, जिथे गावोगावची माणसे एकत्र उघड्यावर झोपतात, तिथे धोका जास्त असू शकतो.

पाचवा: जाणारा कोण? गरोदर बाई, पाच वर्षांखालील मूल, सिकलसेलचा रुग्ण आणि हिवताप नसलेल्या शहरातून बऱ्याच वर्षांनी गावी आलेला माणूस यांना हिवताप झाल्यास तो गंभीर होण्याची भीती अधिक असते. पुण्या-मुंबईहून सणाला आलेल्या मुलाला कौतुकाने जागलीला नेताना हे ध्यानात ठेवावे.

आता दोन उदाहरणे तोलून पाहू. दीक्षाभूमीला एक-दोन रात्री उघड्यावर काढणारा उपासक: रात्री कमी, रान नाही, पण शहरात डेंगी असते आणि त्याचा डास दिवसा चावतो. त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा, डास पळवणारे मलम आणि परतल्यावर पंधरा दिवस तापाकडे लक्ष एवढे केले तरी पुष्कळ. दुसरा, एटापल्ली किंवा धानोऱ्याकडे झऱ्याकाठच्या बांधीवर वीस रात्री जागल करणारा शेतकरी: महिना जोखमीचा, रात्री जास्त, पाणी जवळ, शेजारच्या मचाणांवरही माणसे. त्याला मच्छरदाणीशिवाय जाऊ देणे म्हणजे जाणूनबुजून आजार ओढवून घेणे होय.

सिकलसेल: आपल्या घरचा प्रश्न

विदर्भात सिकलसेलचे प्रमाण आदिवासी समाजात आहे तसेच आपल्या बौद्ध समाजातही मोठे आहे. यासंबंधी एक अर्धवट माहिती गावोगाव फिरते: "सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही." ही समजूत जिवावर बेतू शकते.

खरी गोष्ट अशी आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलचा जनुक आलेल्या वाहकाला, म्हणजे एएस व्यक्तीला, फॅल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर रूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. संरक्षण काही प्रमाणातच. हिवताप त्यालाही होतो. पण दोन्हीकडून जनुक आलेल्या रुग्णाला, म्हणजे एसएस व्यक्तीला, हिवताप झाला तर रक्त झपाट्याने कमी होते, असह्य वेदनांचा झटका येतो आणि जीव धोक्यात येतो. म्हणून आपल्या घरात कोण एएस, कोण एसएस हे तपासून घेतलेले असावे. एसएस व्यक्तीने जागलीला जाऊच नये. ते काम घरातील दुसऱ्याने उचलावे.

डास मारला तर शील मोडते काय?

हा प्रश्न आम्हाला विहारात नेहमी विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिले शील घेणाऱ्याच्या मनात तो येणारच.

प्रथम भगवंतांनी काय केले ते पाहू. भिक्खू रानावनात, झाडाखाली राहत. त्यांना डासांचा त्रास झाला तेव्हा बुद्धांनी त्यांना तो सोसत बसायला सांगितले नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात मच्छरदाणीची आणि डास वारण्याच्या पंख्याची परवानगी दिल्याचे नमूद आहे. चीवर कशासाठी, याच्या चिंतनातही ऊन-वाऱ्याबरोबर डासांपासून रक्षण हे एक कारण सांगितले आहे. म्हणजे अंग झाकणे आणि मच्छरदाणीत झोपणे हा धम्माला धरूनच असलेला मार्ग आहे.

आणि डासांची पैदास थांबवण्याचे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विचाराने पाळायचे तत्त्व आहे असे मांडले आहे. मौजेखातर शिकार करणे ही मारण्याची इच्छा. ती शीलाविरुद्ध आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्धही. लेकरांच्या जिवासाठी साठलेले पाणी ओतून देणे, फवारणीला घर उघडून देणे ही गरज. आम्हाला वाटते, करुणेचा क्रम असा असावा: आधी डास होऊच न देणे, मग तो अंगापर्यंत येऊ न देणे आणि शेवटी नाइलाज म्हणून मारणे. आरोग्यशास्त्राचा क्रमही जवळजवळ हाच आहे.

जागलीची तयारी

कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मचाणावर बांधावी आणि तिची कड अंथरुणाखाली खोचावी. ती सावलीत वाळवावी, वारंवार धुऊ नये. साधारण 20 धुण्यांपर्यंत तिचा असर टिकतो. फाटली असेल तर आधी शिवावी. सरकारने दिलेली मच्छरदाणी कोंबड्या झाकायला किंवा मासे धरायला वापरू नये.

पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि पायमोजे घालावेत. उघड्या अंगाला मलम लावावे आणि घामाने धुऊन गेल्यास पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पुन्हा लावावे. शेकोटीच्या धुराने डास थोडा वेळ दूर राहतात. मात्र झोप लागली, आग विझली की ते परत येतात. दारूने डास दूर राहतात हे निखालस खोटे. पिऊन पडलेला माणूस मच्छरदाणी खोचत नाही. पाचवे शील इथे आरोग्यालाही उपयोगी पडते.

परत आल्यावर

डास चावल्यापासून हिवतापाचा ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. डेंगीला चार ते दहा दिवस. म्हणून रानातून आल्यावर महिनाभर कोणताही ताप हिवताप समजूनच रक्त तपासावे. आशाताईंकडे किट असते. बोटातील थेंबभर रक्तावर थोड्या वेळात कळते. तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. डॉक्टरांना "मी रानात झोपलो होतो" हे आपणहून सांगावे.

ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नयेत. व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते, नाहीतर यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत. गोळ्या चालू असताना लघवी काळपट, चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. तपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावे; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, कारण डेंगी असल्यास रक्तस्राव वाढतो.

असंबद्ध बडबड, झटके, सतत उलट्या, पोटात जोराचे दुखणे, कुठूनही रक्त येणे, धाप किंवा पिवळे डोळे यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. आधी अंगारा, मग दवाखाना असे करण्यात गेलेले तासच माणूस नेतात.

आमची विनंती एवढीच. येत्या रविवारी वंदनेनंतर हा पाठ विहारात मोठ्याने वाचावा. गावात कोण जागलीला जाणार, कोणाकडे मच्छरदाणी नाही, कोणाची सिकलसेल तपासणी राहिली आहे, याची यादी तिथेच करावी आणि आशाताईंच्या हाती द्यावी. धान राखायलाच हवे, आणि ते राखणारा माणूसही.