मुखपाठाकडून ताडपत्राकडे

संस्थेत नवे तंत्र आणताना होणाऱ्या विरोधाला आपण बहुधा आळस किंवा अज्ञान म्हणतो. भिक्खुसंघाचा इतिहास वाचला की हा निवाडा घाईचा वाटू लागतो.

लेखनकला बुद्धकाळी अज्ञात नव्हती. विनयपिटकात तिचा उल्लेख आहे. तरीही कित्येक शतके बुद्धवचन मुखपाठानेच जतन झाले. दीघनिकायाचे भाणक वेगळे, मज्झिमनिकायाचे वेगळे. एकाचा शब्द चुकला तर सामूहिक पठणात तो तत्काळ ध्यानी येई. शिवाय पाठ घ्यायचा तर आचार्यांच्या सान्निध्यात राहावे लागे. विद्येबरोबर शीलही पारखले जाई. ही व्यवस्था उत्तम चालत होती, म्हणूनच ती बदलणे कठीण होते.

इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत राजा वट्टगामणी अभय याच्या काळी परचक्र आणि भीषण दुष्काळ यांनी विहार ओस पडले. अट्ठकथेत असे येते की, एके काळी महानिद्देस हा ग्रंथ एकाच भिक्खूला मुखोद्गत उरला होता, आणि तो दुःशील होता. तरीही इतरांना तो त्याच्याकडूनच शिकावा लागला. (एखाद्या कार्यालयातील सर्व जुन्या नोंदी एकाच लिपिकाच्या स्मरणात असतात, त्याची येथे आठवण होते.) दुष्काळ ओसरल्यावर संघात वाद झाला : बुद्धशासनाचे मूळ परियत्ती की पटिपत्ती, अध्ययन की आचरण? धम्मकथिकांचा, म्हणजे अध्ययनाचा पक्ष मान्य झाला. पुढे धम्म चिरकाल टिकावा म्हणून तिपिटक ग्रंथारूढ करण्यात आले. परंपरा हे स्थान मातलेजवळील अलुविहार मानते.

आमच्या मते येथील महत्त्वाची गोष्ट ताडपत्र नव्हे, तर तो वाद होय. काय राखायचे यावर संघाने आधी खल केला. आज पुष्कळ संस्थांत यंत्र आधी येते आणि हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

लेखनानेही नव्या अडचणी आणल्याच. ताडपत्राला कसर लागते. नक्कल करणाऱ्याची चूक पुढील प्रतींत उतरते. देशोदेशींच्या प्रतींत पाठभेद झाले. ब्रह्मदेशात राजा मिंडोन याने मंडाले येथे ७२९ संगमरवरी शिलांवर तिपिटक कोरवून घेतले. आपल्या इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ते संगणकावर आणले.

१९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती भरली. छपाईसाठी सर्व पाठ ताडून पाहिले जात होते. तरीही संगीतीत महासी सयाडो यांनी प्रश्न विचारले आणि मिंगुन सयाडो यांनी स्मरणातून उत्तरे दिली.