अडथळाविरहित प्राथमिक शाळा

शाळेचे दार सर्वांना खुले आहे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्या दारापाशी पोहोचण्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागत असतील, तर मेंदूच्या पक्षाघातामुळे पाय अधू झालेल्या बालकाच्या दृष्टीने ते दार बंदच असते. नाव हजेरीपटावर असते, पुस्तके घरपोच मिळतात, पण मूल मात्र शाळेत दिसत नाही. अशा वेळी दोष मुलाच्या शरीरात शोधण्याऐवजी शाळेच्या वास्तूत शोधावा, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे.

हक्काची वाटचाल

अपंग बालकांचे शिक्षण हे सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचेच अंग मानावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये केली होती. केंद्र शासनाने १९७४ मध्ये अशा मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. पुढे १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमाने या विचारास कायद्याचा आधार दिला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शाळेच्या इमारतीत अडथळाविरहित प्रवेश असलाच पाहिजे, अशी अट त्याच्या अनुसूचीत घालण्यात आली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली आणि शाळेची इमारत, परिसर व सोयी सुगम करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविली.

रॅम्पचे गणित

इमारतीतील सुधारणा म्हटली की प्रथम रॅम्प आठवतो. तो आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु त्याचे गणित पुष्कळदा चुकते. उंचीच्या बारा पट लांबी, हे त्याचे सर्वमान्य प्रमाण होय. जोत्याची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर, म्हणजे सुमारे १८ फूट असावी लागते. जागा वाचविण्यासाठी हेच काम आठ फुटांत उरकले, तर चढ दुपटीहून अधिक तीव्र होतो. अशा रॅम्पवरून चाकांची खुर्ची स्वतः चढविणे मुलाच्या आवाक्याबाहेरचे असते, आणि उतरताना ती उलटण्याची भीती असते. तपासणीच्या तक्त्यात मात्र ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होऊन जाते. समोर जागा अपुरी असल्यास रॅम्प भिंतीलगत वळवून घ्यावा. वळणावर आणि दारासमोर खुर्ची फिरेल एवढी, म्हणजे दीड मीटर लांबी-रुंदीची सपाट जागा सोडावी.

कठडा दोन्ही बाजूंना हवा. त्याची एक दांडी मोठ्यांच्या उंचीची, तर दुसरी पहिलीतील मुलाच्या हाताला येईल अशी असावी. बांधकाम करताना स्थानिक हवामानाचाही विचार करावा लागतो. कोकणात पावसाळ्यात रॅम्पवर शेवाळ धरते. तेथे पृष्ठभाग खरबरीत ठेवून तो वेळोवेळी घासावा लागतो. विदर्भात उन्हाळ्यात लोखंडी कठडा हात लावता येणार नाही इतका तापतो. त्यावर सावलीची सोय हवी. काळ्या जमिनीत भराव नीट न ठोकल्यास रॅम्प खचतो, आणि जोते व रॅम्प यांच्यामध्ये नवीच पायरी तयार होते.

साखळीतील कच्चा दुवा

शाळेतील मुलाचा दिवस फाटकापासून सुरू होतो. वर्ग, पिण्याचे पाणी, मध्यान्ह भोजन, खेळाचे मैदान आणि स्वच्छतागृह ही एक साखळी आहे. तिचा एक दुवा तुटला की बाकीचे दुवे निरुपयोगी ठरतात. सर्वांत कच्चा दुवा असतो तो स्वच्छतागृहाचा. अनेक जुन्या शाळांत ते आवाराच्या टोकाला, खडकाळ वाटेपलीकडे असते. ज्या मुलीला उकिडवे बसता येत नाही, ती शाळेत जाण्यापूर्वी पाणी पिणेच टाळते. वय वाढते तशी ही अडचण असह्य होते आणि हुशार मुलगीही घरी बसते. म्हणून तेथपर्यंत सपाट, पक्की वाट, बाहेर उघडणारे रुंद दार, मुलांच्या उंचीचे कमोड, आधाराच्या दांड्या आणि आत खुर्ची वळेल इतकी जागा असणे अगत्याचे आहे. ही खोली अडगळीचे सामान ठेवण्यासाठी कुलूपबंद राहणार नाही, हेही पाहिले पाहिजे.

वर्गाच्या दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर असावी. उंबरठा काढून टाकावा. पाण्याचा एक नळ खाली बसविला, तर त्याचा लाभ खुर्चीवरील मुलाबरोबर लहान मुलांनाही होतो.

पाहणे, ऐकणे, उमगणे

सर्वच अडथळे पायांशी संबंधित नसतात. व्हरांड्यात बाहेर उघडणारी खिडकीची दारे अंध मुलाच्या कपाळाला लागतात. उघडे गटार त्याला धोक्याचे असते. पायऱ्यांच्या कडा आणि खांब यांना ठळक पिवळा पट्टा दिल्यास अल्पदृष्टी मुलांना ते ओळखू येतात. चकाकणाऱ्या फळ्यावरील अक्षरे त्यांना दिसत नाहीत. फळा काळा, परंतु चकाकी नसलेला असावा. श्रवणदोष असलेले मूल शिक्षकांच्या ओठांकडे पाहून पुष्कळसे समजून घेते. शिक्षक खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, तर त्यांचा चेहरा अंधारात जातो. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की श्रवणयंत्रातही तोच गोंगाट भरतो. छपराखाली आच्छादन बसविल्याने तो कमी होतो. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी दारांवर चित्रखुणा, वस्तूंच्या ठरलेल्या जागा आणि एखादा शांत कोपरा यांचा फार उपयोग होतो.

लोकसहभागाची गरज

यांतील बरीच कामे खर्चाची नाहीत. पिवळा रंग, दाराची बदललेली बिजागरी, काढलेला उंबरठा, बसण्याची बदललेली जागा एवढ्याने पुष्कळ साधते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. दिव्यांग मुलाच्या पालकांना बरोबर घेऊन समितीने फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत एकदा चालून पाहावे आणि जेथे मूल अडते ती जागा टिपून ठेवावी. मोठ्या कामासाठी समग्र शिक्षा योजनेकडे प्रस्ताव पाठविता येतो. अभियंत्याने आराखडा कागदावर आखण्यापूर्वी त्या मुलालाच विचारणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग होय.

रॅम्पचे माप अचूक आहे की नाही, हे मोजपट्टी सांगेल. तो यशस्वी झाला की नाही, हे मात्र हजेरीपटच सांगू शकेल. ज्या दिवशी ते मूल कोणाच्याही कडेवर न बसता स्वतःच्या बळावर वर्गात येईल आणि शाळा सुटेपर्यंत निर्धास्तपणे बसेल, त्या दिवशी शाळेचे दार खऱ्या अर्थाने उघडले असे म्हणता येईल.